वीतभर सूत

विणकरांच्या गावात एकदा एक कापडव्यापारी आपल्या वृद्ध गुरूंच्या दारी आला. तरुणपणी त्याने याच घरात मागावर बसून विद्या घेतली होती. पुढे शहरात पेढी काढून नाव मिळवले. ओसरीवर सुताला लावलेल्या ओल्या खळीचा वास आला आणि क्षणभर तो दारातच थबकला.

"शेठ, वाट चुकलात की काय?" गुरू हसले.

"आप्पा, पोरगा वेगळं दुकान काढायला निघालाय, भांडवल मागतो. त्याची आई म्हणते, पेढीच त्याच्या नावावर करा. मी म्हणतो, छदाम मिळणार नाही. मला कुणी काय दिलं होतं? दिवाळीपासून आम्ही बापलेक एका पंगतीला बसलेलो नाही."

गुरू मागाकडे बोट दाखवून म्हणाले, "ते वस्त्र पुरं झालंय. तेवढं उतरव आणि नवा ताणा चढव. माझे डोळे आता साथ देत नाहीत."

व्यापारी हौसेने बसला. त्याने वस्त्र कापून घेतले आणि दुकानातल्या टापटिपीच्या सवयीने मागाच्या फणीत उरलेली सुताची टोकेही उपसून टोपलीत टाकली. मग नव्या ताण्याचा एकेक धागा फणीच्या दातांतून ओवू लागला. ऊन ओसरी सोडून अंगणात उतरले, डोळ्यांना पाणी आले, तरी पाव फणीही भरेना.

"आप्पा, पूर्वी एवढा जाच नव्हता हो! जुन्या टोकांना नवं सूत सांधलं, हलकेच ओढलं, की ताणा सरसर पार व्हायचा."

"मग सांध की."

"कशाशी सांधू? टोकं तर मीच काढून टाकली!"

"आणि तू पहिल्यांदा इथं बसलास, तेव्हा फणीत टोकं कुणाची होती रे?"

व्यापाऱ्याचा हात थांबला. अंजिरी रंगाची ती टोके त्याला आठवली. शेजारी बसून गाठ शिकवणारी गुरूंची बोटेही आठवली.

"तुमची," तो हळूच म्हणाला. "म्हणजे पेढी त्याला देऊनच टाकू?"

"अरे, पेढी हे तुझं विणलेलं वस्त्र. ते मागावरच ठेवलं, तर पोरानं विणायचं कुठं? वस्त्र आपण उतरवून घ्यावं. आपल्यामागं ते जाईल त्याच्याचकडे, त्याची घाई नको. फणीत वीतभर सूत तेवढं राहू द्यावं. गाठीपुढचा रंग त्याचा."

व्यापाऱ्याने टोपलीतले एक टोक उचलून खिशात ठेवले.

दिवेलागणीला तो घरी पोचला, तेव्हा मुलगा एकटाच जेवायला बसत होता.

"दुकानाचं पहिल्या वर्षाचं भाडं माझ्याकडे," बाप म्हणाला. "पुढचं तू बघ. आणि पाटी तुझ्या नावाची लाव."

मुलगा उठला आणि त्याने आपल्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडला.