सॉफ्टचं उदाहरण

दगडखाणीच्या अंगाला एक गाव होतं. तिथल्या शाळेत नेमगोंडा नावाचे गुरुजी इंग्रजी शिकवत. शिकवून शिकवून पार थकले होते बिचारे. दरवर्षी तेच दोन उलटे शब्द, हार्ड आणि सॉफ्ट, आणि दरवर्षी तीच पोपटपंची. दगड हार्ड, कापूस सॉफ्ट, संपलं! गुरुजी घसा फोडून सांगत, की गणितही हार्ड असतं, कष्टही हार्ड, टोचून बोलणंही हार्ड. उजेड सॉफ्ट असतो, मनही सॉफ्ट असतं. पोरं आपली जांभया देत बसायची.

शेवटी वैतागून त्यांनी नियमच केला. तोंडी परीक्षेत दोन्ही शब्दांची उदाहरणं द्यायची, तीही स्वतः अनुभवलेली. पुस्तकातलं सांगितलं की नापास.

त्या वर्षी खडी फोडणाऱ्या यल्लाप्पाची रंगव्वा परीक्षेला उभी राहिली. बापानं सकाळीच बजावलं होतं, आता नापास झालीस तर शाळा बंद, उद्यापासून खाणीवर यायचं. 

हार्डला मात्र ती अडली नाही. खाणीतला दगड हार्ड, आईचं काम हार्ड, मुकादमाचं बोलणं हार्ड, शिळी भाकरी हार्ड. तिला थांबवावं लागलं.

"आता सॉफ्ट," गुरुजी खेकसले.

रंगव्वाला सुचत होतं ते कापूस, उशी, ससा, सगळं पुस्तकातलं. तिच्या घरी उशी नव्हतीच, आणि खोटं सांगायला जीभ उचलेना. ती आठवत राहिली. डोळे भरून आले, तरी काही सापडेना.

गुरुजींनी नापास लिहायला पेन उचललं. मग त्या पोरीचे भरलेले डोळे त्यांना दिसले. एवढी वर्षं आपण हेच करत आलो, असं वाटून त्यांना स्वतःचाच कंटाळा आला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बस खाली, बाळ," ते हळूच म्हणाले. "दमलीस तू. पाणी पी जा."

रंगव्वा बसली नाही. डोळे पुसून म्हणाली, "गुरुजी, हे सॉफ्ट. आत्ता तुम्ही बोललात ते."

गुरुजींना फार लाज वाटली. नियमाप्रमाणे उदाहरण अनुभवातलंच होतं. त्यांनी तिला पास केलं, आणि दुसऱ्या दिवशी रंगव्वा शाळेतच आली.

तात्पर्य एवढंच: मायेचा अर्थ ओरडून शिकवता येत नाही, शिकवणाऱ्यानं आधी मायेनं वागावं, मग मुलांना तो आपोआप कळतो.