गावाने वळलेला दोर

समुद्र अजून गावापासून दोन माड लांब होता, तेव्हाची गोष्ट. वादळात खाडी ओलांडताना धरायला म्हणून साऱ्या गावाने बसून काथ्याचा लांब दोर वळला आणि देवळात टांगला.

पुढे धाकूदादाने गाईच्या दाव्याला त्यातला हातभर कापला. कुणी झोपाळ्याला नेला, कुणी कपडे वाळत घालायला. "एवढ्याने काय होतंय?" जो तो म्हणे. सरपंचांनी तर वादळाच्या तयारीची सभा भरवली आणि तिच्या मांडवालाच दोर कापला.

मग खरंच वादळ आलं. पट्टीची पोहणारी बायोकाकी दोराचं टोक पलीकडच्या झाडाला बांधायला पाण्यात उतरली. दोर खाडीच्या मध्यातच संपला.

"दगाबाज!" सरपंच काठावरून ओरडले. "ऐन वेळी अपुरा पडलास!"

दोर भडकला. "अपुरा? मी पुरून उरणारा होतो! गाईच्या गळ्यात बघा, झोपाळ्याला बघा. ज्या मांडवात टाळ्या पिटल्यात, त्याच्या खांबांना बघा. मी तिथे आहे!"

गळ्यापर्यंत पाण्यात असलेल्या बायोकाकीने टोक उंच धरलं.

"सरपंच, बांधू कशाला हे? लाटेला?"