मधमाशीचे टेबल

जंगलात इंटरनेट नुकतेच पोचले होते, तेव्हाची ही गोष्ट. जंगलाचे वेबपेज करायचे काम मधमाशीकडे आले. तिला खण पाडण्यापलीकडे काही ठाऊक नव्हते. वेबपेज लिहायच्या एचटीएमएल भाषेत आकडे मांडायला टेबल, म्हणजे तक्ता, असतो; तोच तिने उचलला आणि अख्खे पान त्याच्या खणांत कोंबले. डावीकडे सूचना, उजवीकडे करमणूक. खण अरुंद पडले, तेव्हा वाक्ये मोडून खालच्या खणात ढकलली.

चिचुंद्रीला दिसत नसे. पोपट तिला पान वाचून दाखवी, आणि टेबल म्हटल्यावर तो आडवेच वाची, डाव्या खणातून थेट उजव्या खणात.

"नदीकाठी आज मोरांचा नाच. पूर येणार! पिल्लांसह यावे."

"कसला रे पूर?"

"गर्दीचा असेल, मावशी."

चिचुंद्री पिल्लांना शेपटीमागे लावून नदीवर गेली. नाच होता टेकडीवर. नदीकाठी होता तो पूर. एका झाडाच्या मुळाला धरून सगळी कशीबशी वाचली.

"बाई, माझी पोरं बुडाली असती!" भिजलेली चिचुंद्री मधमाशीवर कडाडली.

"पण पान किती सुबक दिसतंय, बघ तरी!" मधमाशी म्हणाली. तरीही तिने मोठ्या मनाने टेबलात आणखी एक खण जोडला: "हे पान फक्त बघण्यासाठी आहे. ज्यांना दिसत नाही, त्यांनी ही सूचना नीट पाहून घ्यावी."