थोरल्या राणीचं बाळंतपण

एका राज्यात गोडी नदी खाऱ्या समुद्राला जिथे भेटे, तिथे मोठी खाडी होती. त्या राज्याची रीत अशी, की राजानं पहिली माळ खाडीला घालायची, मगच माणसातली राणी करायची. म्हणून खाडी ती थोरली, राणी ती धाकटी. दर पावसाळ्यात थोरली बाळंतीण होई. तिच्या चिखलात शिंपल्यांची पिलावळ जन्मे. शरदात पाणी निवळेपर्यंत कुणी टोपली घेऊन तिच्यात पाऊल टाकत नसे.

राजा सुकेतू तसा भला माणूस, पण जीभ? जिभेनंच घात केला हो! थंडीतल्या गुबगुबीत शिंपल्यांचं कालवण त्याचा जीव की प्राण. पावसाळाभर तो ताटाकडे बघून उसासे टाकी. शेवटी न राहवून त्यानं जंभल मांत्रिकाला बोलावलं.

"खाडीत बारा महिने थंडीच राहू दे."

"राहील, महाराज. पण जिथे ऋतू फिरत नाही तिथे जन्म होत नाही. कबूल?"

राजाच्या नाकात कालवणाचा वास दरवळत होता. "कबूल, कबूल!" म्हणून मोकळा झाला.

जंभलानं उन्हाळ्याचा खार शंखात कोंडला, पावसाचा लाल लोंढा तांब्याच्या हंड्यात कोंडला, आणि खाडी थांबली. वर्षभर राजानं यथेच्छ ताव मारला. मग शिंपल्या म्हाताऱ्या झाल्या, चिवट झाल्या. नवी एक दिसेना. चिखल खालवर करणारे किडे मेले, तळ काळा पडला, घाण मारू लागला. आणि धाकटी राणी वेत्रवती हिचे दिवस भरले, भरून उलटले, तरी कळा येईनात.

सुईण म्हणाली, "थोरली अडली आहे, महाराज. धाकटी कशी सुटेल?"

"खाल्लंत तुम्ही, आणि जड झाले मी," वेत्रवती म्हणाली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. 

राजा अनवाणीच खाडीवर गेला. चिखलात चोच खुपसून पोट भरणारा एक तुतवार पक्षी तेवढा उरला होता, तोही उपाशी.

"पक्ष्या, उपाय सांग."

"कामं तीन. शंख आण, हंडा आण, आणि शेवटी तोंड मीट. शेवटचं तुला जड जाईल."

शंख तापल्या वाळूत पुरलेला. राखणीला घराएवढा खेकडा. "मोल काय?" राजानं विचारलं.

"घाम. राजाचा घाम मी अजून चाखला नाही."

राजा दोन्ही हातांनी वाळू उपसत राहिला. अंगाची लाही झाली, वाळू भिजली. खेकड्यानं चाटून पाहिली, "बरा आहे" म्हणाला आणि बाजूला सरला. राजानं शंख खाडीत ओतला. पाणी खारट झालं, चिखल तापला. ज्या शिंपल्यांत त्राण होतं त्या खोल उतरल्या. वर श्वासाची बारीक भोकं तेवढी राहिली.

हंडा डोंगरमाथ्यावर होता. राखणीला एक काळा ढग. "डोक्यावरून ने," ढग म्हणाला. "थेंब सांडला तर दगड होशील." जन्मात राजानं मुकुटाखेरीज डोक्यावर काही घेतलं नव्हतं. मान अवघडली. पण बायकोचं नाव घेत घेत तो उतरला, आणि हंडा त्यानं खाडीत उपडा केला.

काय तो लोंढा! लाल, गढूळ, धडधडत आला. त्याबरोबर जंभलही प्रकटला.

"बघा, महाराज."

राजानं पाहिलं. वरच्या थरातल्या दुबळ्या शिंपल्या तोंडं उघडून मरत होत्या, काठाला त्यांचा खच पडत होता. असं सगळंच मेलं तर थोरली बाळंत व्हायची कशी? आणि वेत्रवती?

"नुसतं 'थांब' म्हणा," जंभल गोड आवाजात बोलला. "उरल्यासुरल्या वाचवतो."

शब्द अगदी ओठांवर आला होता. पण राजाला वाटलं, अरे, हे तर दर पावसाळ्यात होत आलं असेल. मी पाहिलं कधी? मी नुसतं खाल्लं! त्यानं चिखलाच्या हातांनी तोंड गच्च दाबून धरलं. डोळ्यांतून धारा लागल्या, पण शब्द फुटू दिला नाही.

आणि खोल उतरलेल्या शिंपल्यांना गोड्या पाण्याची चाहूल लागली. एक सुटली, दुसरी सुटली, आणि सगळी खाडी तांदळाच्या धुवणासारखी पांढुरकी झाली. त्यात जीवांचे ठिपके, मोजता न येण्याइतके! जंभलाचा मंत्र तुटला. तो फेस होऊन वाहून गेला. तेवढ्यात राजवाड्यात थाळी वाजली.

राजा धावत सुटला. वेत्रवतीच्या कुशीत मुलगी होती, लालबुंद, आवाज खणखणीत. त्यानं हात पुढे केले.

"अहो, हात बघा ते!" राणी ओरडली. "आधी धुवून या."

महाराज निमूटपणे हात धुऊन आले. लेकीला घेतल्यावर त्यांना रडू आवरेना, हसूही आवरेना.

पाऊस सरला, खार हळूहळू परतला. ठिपके तळाशी बसले, त्यांच्या शिंपल्या झाल्या. तुतवारांचे थवे उतरले. तोवर राजा वरणभातावर होता, आणि कुरकुरला नाही, निदान मोठ्यानं नाही. त्या राज्यात थोरली सुटली, धाकटी सुटली. तशी अडलेली प्रत्येक सुटो, आणि ऐकणाऱ्याच्या घरी पाळणा हलो.