अभिप्रायाचा रकाना

देवाशपथ, या गोष्टीतला शब्दन् शब्द खरा आहे. मी समोर बसून ऐकलेला आहे. म्हणजे त्या दिवशी मी गावात नव्हतो. पण भंगाळे सरांना आणि कैवल्यला मी इतका ओळखतो, की तिथे असतो तरी याहून वेगळं काही ऐकलं नसतं.

“पण सर, त्यात कमी काय आहे ते तरी सांगा ना!” कैवल्य नारखेडे म्हणाला.

भंगाळे सर परसात उकिडवे बसून तुरीच्या वाळक्या काड्यांवर भरताची वांगी भाजत होते. जन्मभर त्यांनी कॉलेजात इतिहास शिकवला. पेपर तपासताना समासात ते इतकं लिहायचे, की मुलं आधी समास वाचायची आणि मग मार्क बघायची. कैवल्य त्या मुलांतलाच एक.

आता तो विद्यापीठासाठी सॉफ्टवेअर करत होता. प्राध्यापकांनी निबंध ऑनलाइन तपासायचा, तयार शेऱ्यांतले हवे ते निवडायचे, की विद्यार्थ्याला नीटनेटका अभिप्राय गेलाच. चाचणी पार पडली होती. निवृत्त असूनही सरांनी तीत भाग घेतला होता, शेवटी इतर प्राध्यापकांसारखा अभिप्रायाचा फॉर्मही पाठवला होता. दुपारी विद्यापीठात बैठक होती. हे सगळ्या कॉलेजांना द्यायचं की गुंडाळायचं, ते तिथे ठरणार होतं, आणि समिती सरांच्या शब्दाबाहेर जाणार नव्हती.

कैवल्यची दोन वर्षांची मेहनत त्या एका होकारापाशी येऊन थांबली होती.

“वापरायला सोपं आहे,” सर म्हणाले.

“बघा! सगळे तेच म्हणतात. सरासरी साडेचारच्या वर तारे पडलेत, सर. मराठीच्या झांबरे बाईंनी पाच दिले. बाईंनी! त्यांनी पोटच्या पोरालासुद्धा कधी पैकीच्या पैकी...”

“तारे दिले. आणि लिहिलं काय?”

“लिहिलं?”

“ताऱ्यांखाली रकाना होता. ‘आपलं मत मोकळेपणाने लिहा.’ चांगला ऐसपैस होता.”

“हां... तो.”

सरांनी एक वांगं देठाला धरून फिरवलं.

“तो नंतर जोडायचा होता, सर. घाई झाली. पडद्यावर दिसतो, पण लिहिलेलं आत कुठे साठत नाही.”

“मग लोकांनी लिहिलं ते गेलं कुठे?”

“कुठेच नाही.”

“झांबरे बाईंनी दीड पान तरी लिहिलं असेल.”

“असेल.”

“तुला ठाऊक होतं?”

कैवल्यला ठाऊक होतं. रकानाच नसला तर आपलं कोणी ऐकत नाही असं वाटतं लोकांना, तेव्हा असू दे नुसता, असं त्यानेच हसत हसत आपल्या माणसांना सांगितलं होतं.

“तुम्ही काय लिहिलं होतं, सर?” त्याचा आवाज खाली आला.

“काही नाही. रिकामाच पाठवला.”

“मग तुम्हाला कळलं कसं?”

“बटण दाबतोय तोच पडद्यावर आलं, ‘आपला मोलाचा अभिप्राय आम्ही काळजीपूर्वक वाचला आहे.’ म्हटलं, पोरगं भलतंच जलद वाचायला लागलं.”

कैवल्यचे कान लाल झाले.

“बैठकीत सांगणार तुम्ही हे?”

“नाही.”

“मग... होकार?”

“विचारलं तर सांगेन, वापरायला सोपं आहे. ते खरंच आहे.”

झालं की काम! आता फक्त पाया पडायचं आणि निघायचं. कैवल्य पाया पडला, निघाला. स्कूटरला किल्ली लावली. तिथेच जरा उभा राहिला. मग खिशातून फोन काढला.

“आजची बैठक रद्द करायला सांगा... नाही, सर बरे आहेत. चूक माझी आहे... पुन्हा तारीख मिळेल की नाही ते नाही माहीत मला.”

तो परत येऊन विस्तवाजवळ जमिनीवरच बसला.

“एकेकाकडे जातो, सर. आधी झांबरे बाईंकडे. त्या झाडतील मला.”

“झाडू दे.”

“पण गेल्यावर विचारू काय? असं करतो, प्रश्न काढून नेतो. प्रत्येकाला चार पर्याय देतो, म्हणजे त्यांनाही...”

सर नुसते त्याच्याकडे बघत होते.

“की मोकळाच प्रश्न ठेवू? नाहीतर आधी आपली बाजू सांगून...”

सर बघतच होते.

कैवल्य थांबला. सर काय म्हणतात याची वाट बघत राहिला.

...

विस्तव विझला. वांग्यांचा कोळसा झाला. कुंपणापलीकडच्या केळीला घड लागला, पिकला, उतरवूनही झाला. तरी दोघांपैकी कोणी बोललं नाही.

आता कबूल करतो, केळीचं मी रचलं, आणि वांग्यांचंही. खानदेशात गुरू असो की शिष्य, भरताची वांगी कोणी करपू देणार नाही. पण पोरगं गप्प राहिलं, एवढं खरं. कारण शेवटी सर म्हणाले,

“हं. असंच. बाईंसमोरही.”