राखेचा वाडगा

कोकणात एका टेकडीच्या पायथ्याशी काजूची भट्टी होती. टेकडीवर काजूची झाडे होती. बोंड पिकून आपसूक खाली पडले की बायका त्याच्या टोकाची बी काढून घेत, उन्हात खडखडीत वाळवत आणि मग भट्टीत भाजत. भाजलेली बी दांडक्याने फोडून आतला गर अख्खा काढायचा, हे सगळ्यात नाजूक काम. त्यात एका म्हातारीचा हात धरणारे कोणी नव्हते.

फोडायला बसण्याआधी ती वाडग्यातली राख बोटांना चोळायची. तिचे बघून बाकीच्या बायकाही चोळत.

एके वर्षी भट्टी नव्या मालकाने घेतली. माणूस वाईट नव्हता, पण त्याला स्वच्छतेचे भारी वेड. पहिल्याच दिवशी त्याने नाक मुरडले.

"पांढऱ्याशुभ्र गराला हे असले हात? साबणाने हात धुऊन बसायचं. पटत नसेल त्याने घरी जावं."

"शेटनू, ही घाण न्हय," म्हातारी म्हणाली. "टरफलात चीक आसता, तो कातडी खाता; राख लावली की लागना नाय. राख काय, गराच्या लाल सालीबरोबर निघान जाता."

"बघूच," म्हणत मालक स्वच्छ हातांनी बसला. पसाभर बिया फोडल्या, निम्म्या गरांचा चुरा केला, कपाळावरचा घाम पुसला. मग हात पुढे करून म्हणाला, "कुठे काय झालं?"

म्हातारी वाडगा घेऊन निघाली. घरात कमावणारी ती एकटीच, तरी निघाली. बाकीच्या हात धुऊन फोडायला बसल्या.

चीक लगेच कळत नाही. दुसऱ्या दिवशी मालकाच्या बोटांना फोड आले, एक डोळा सुजून बंद झाला. भट्टीवर एकही बाई आली नव्हती. सगळ्यांच्या हातांची तीच गत होती.

मालकाला मनापासून लाज वाटली. तो थेट म्हातारीच्या दारात गेला. "आजी, चुकलं माझं. परत या."

म्हातारीने त्याच्या बोटांना खोबरेल लावले. "बायांचे हात बरे होईसर भट्टी बंद ठेवा," ती म्हणाली. "मगे येतंय मी."

ऐन हंगामात भट्टी बंद राहिली. भाजलेला ढीग वाया गेला, पण मालकाने शब्द पाळला.

आता राखेचा वाडगा भट्टीच्या दारातच असतो. एखाद्या गिऱ्हाइकाने नाक मुरडले, तर मालक समजावत बसत नाही. स्वतःची डागाळलेली बोटे पुढे करतो.

तात्पर्य: ज्या कामाला आपला हात लागलेला नाही, त्यातल्या राखेला घाण म्हणू नये.