करवंटीतलं मीठ

डोंगराला अजून घाट नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. फार जुनी.

एका खोऱ्यात एक गढी होती आणि गढीत एक सरदार होता. खोऱ्यातली सगळी शेतं त्याची. पिकायचं उदंड, पण विकायचं कुणाला? बाहेर जायला धड वाट नव्हती. मग सरदार रोज दुपारी शिंग फुंकायला लावायचा आणि शंभर माणसं पंगतीला बसवायचा. मीठही फक्त त्याच्याच कोठारात. त्याची माणसं वर्षातून एकदा डोंगर उतरत आणि धान्याच्या बदल्यात ते डोक्यावरून आणत.

सरदाराला कुणाशी लढायचं झालं की पंगतीत मिठाची चांदीची वाटी फिरे. प्रत्येकाने चिमूटभर जिभेवर ठेवायचं. एकदा का मीठ जिभेवर पडलं, की ‘नाही’ म्हणायचं नाही, अशी रीत होती. आणि ज्याच्या घरी चूलच पेटत नाही, तो ‘नाही’ म्हणणार तरी कसा?

पुढे व्यापाऱ्यांनी डोंगर फोडून घाट केला. गढीखाली बाजार भरू लागला. सरदाराने जन्मात पहिल्यांदा काचेचं झुंबर पाहिलं आणि अर्धं कोठार देऊन ते विकत घेतलं. पंगत पन्नासावर आली. मग सोन्याच्या मुलाम्याची पालखी आली, पंगत पंचविसावर आली. कुणाला कुणी ‘ऊठ’ म्हटलं नाही. वाढायलाच काही उरेना.

उठलेली माणसं कामाला लागली. कुणी मडकी भाजू लागला, कुणी बैलांच्या खुरांना पत्र्या मारू लागला. एक सणगर बापलेक घोंगडी विणू लागले. आणि त्या सणगराच्या घरात घाटाखालून नवी सून आली.

सून बोलायची कमी. पण तिला दिसायचं सगळं. घरातली ज्वारी घोंगड्यांच्या बदल्यात येत होती. घोंगडी मेंढपाळ नेत होता, तेली नेत होता, गाडीवान नेत होते. एक गिऱ्हाईक रुसलं तर दुसरं दारात उभं. या घराला आता एकाच माणसाच्या तोंडाकडे बघायची गरज नव्हती.

पण शिंग वाजलं, की घर रिकामं!

घोंगडीच्या उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावतात. ती ओली आहे तोवर कुंच्याने विंचरावी लागते. नाही तर धागे एकमेकांना चिकटून बसतात आणि आठवडाभराची मेहनत मातीत जाते. सासरे नेमके तेव्हाच कुंचा टाकून उठायचे. नवरा तर खळीच्या हातांनीच पळायचा.

“मामंजी, गढीवर जेवायला बोलावलंय का?” तिने एकदा विचारलं.

“छे गं! आपली पंगत कधीच मोडली.”

“मग कशाला जाता?”

“कशाला म्हणजे? शिंग वाजलं ना!”

दोघं जायचे, झुंबर पुसायचे, पालखी उचलून अंगणातल्या अंगणात फिरवायचे आणि घरी येऊन विचारायचे, “भाकरी आहे का गं?” ती भाकरी वाढायची. चिकटलेले धागे नखांनी सोडवत बसायची. बोलायचं तरी कुणाला! भिंत परवडली, तिला निदान शिंग ऐकू येत नाही.

एका दुपारी गढीचा कारभारी मागच्या दाराने आला.

“सूनबाई, वाटीभर मीठ दे.”

“वाटी कुठाय, काका?”

कारभाऱ्याने मान खाली घातली. “ती झुंबराच्या लोलकांपायी गेली. मीठ आणायला धान्यही नाही उरलं.”

तिने घरातली नारळाची करवंटी भरून दिली. पाठोपाठ शिंग वाजलं. आजचं शिंग लांब होतं, लढाईचं. सासरे उठले, नवरा उठला. सून क्षणभर ओल्या धाग्यांकडे बघत राहिली. मग तिने डोक्यावर पदर घेतला आणि त्यांच्या मागोमाग निघाली.

सरदार झुंबराखाली उभा होता. “शेजारच्या गढीवाल्याच्या झुंबराला माझ्यापेक्षा सात लोलक जास्त आहेत! उद्या त्याची गढी फोडायची. घ्या मीठ.”

सात काचांसाठी किती जण परत येणार नव्हते, हे कुणी विचारलं नाही. करवंटी फिरत फिरत तिच्या नवऱ्यापुढे आली. त्याने हात पुढे केला.

“अहो,” दारातून आवाज आला, “ते आपलंच आहे.”

“काय आपलं?”

“मीठ. मघाशी कारभारीकाका आपल्या घरून मागून घेऊन आले. करवंटी तरी ओळखा, कडेचा टवका तुमच्याच हातून उडालाय. सकाळची भाकरी याच मिठाची होती.”

“कारभारी, ही काय म्हणतेय?” सरदार गरजला. कारभारी झुंबर न्याहाळू लागला.

कुंभाराला आधी हसू फुटलं. “म्हणजे रीतीने बघायला गेलं तर आज हुकूम सणगराच्या सुनेचा!”

“चाबूक आणा!” सरदार ओरडला.

कुणीच हललं नाही. इतकी वर्षं चाबूक आणणारे हात याच माणसांचे होते, आणि आज ती माणसं आपापल्या घरी जेवून आली होती. सरदाराने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्याला आपले दोनच हात दिसले.

“माझा हुकूम एवढाच,” सून म्हणाली, “घरी चला. खळ वाळतेय.”

लढाई झालीच नाही. थंडी पडल्यावर सरदार स्वतः बाजारात घोंगडी घ्यायला आला, कारण काचेने ऊब येत नाही. सुनेने त्याला इतरांच्याच भावाने दिली. जास्त नाही, कमीही नाही.

तरी शिंग वाजलं की सासरे अर्धे उठायचेच.

“मामंजी!”

“सवय गं, दुसरं काय,” म्हणत ते खाली बसायचे.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं होतं. पुढच्याच बाजारी एक अंगठ्या घातलेला लोकरीचा व्यापारी आला. तो नुसता खाकरला, आणि तिचा नवरा त्याच्यापुढे दोनदा वाकला. सुनेने कपाळाला हात लावला.

तात्पर्य: भाकरी आपली झाली की मान ताठ करता येते, पण करावी आपली आपणच लागते.